६२ कोटी पेशी पुरतील का? नाळेच्या रक्ताचा रिपोर्ट वाचताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. बाळ तीन आठवड्यांचं आहे. जन्माच्या वेळी नाळेतलं रक्त साठवायला दिलं होतं आणि आता बँकेकडून एक पानी रिपोर्ट आलाय. रक्त ६८ मिलिलिटर. एकूण केंद्रकयुक्त पेशी, म्हणजे टीएनसी, ६२ कोटी. सीडी३४ पेशी १८ लाख. व्हायेबिलिटी, म्हणजे जिवंत पेशींचं प्रमाण, ९८ टक्के. जन्मापासून प्रोसेसिंग सुरू होईपर्यंत ४१ तास. कल्चरचा, म्हणजे जंतूंच्या तपासणीचा, निकाल बाकी. बँकेचा प्रतिनिधी म्हणतो, ९८ टक्के म्हणजे उत्तम. तुमच्या मिस्टरांचं म्हणणं, रक्तच कमी आलं, कारण डॉक्टरांनी मिनिटभर थांबून मग नाळेला चिमटा लावला. आणि तुम्ही विचारताय की हे पुरेल का आणि वीस वर्षं टिकेल का.

मी प्रत्यारोपण करणारी डॉक्टर नाही. सोळा वर्षं काचेच्या अलीकडे, प्रोसेसिंग लॅबमध्ये काढली आहेत. रक्ताची पिशवी आत येते तिथपासून ती टाकीत उतरते तिथपर्यंत, आणि कधीतरी वर्षांनी ती बाहेर काढून वितळवतात तेव्हा, एवढंच माझं जग. त्यामुळे कुठल्या आजारात काय करावं हे मी सांगणार नाही. त्या पानावरचे आकडे कुठून येतात, कशाचा भरवसा धरावा आणि कशाचा नाही, हे मात्र सांगू शकते.

पहिली गोष्ट, तुमच्या प्रश्नात एक शब्द राहून गेलाय. पुरेल का, हे ठीक; पण कोणाला? नाळेच्या रक्ताची पिशवी एकदाच भरते. रुग्ण मात्र दोन वर्षांचा असू शकतो, नाहीतर चाळीसचा. प्रत्यारोपणात, म्हणजे रुग्णाच्या बिघडलेल्या मज्जेच्या जागी या रक्तातल्या मूळपेशी देताना, पेशी मोजतात त्या रुग्णाच्या दर किलो वजनामागे. त्यामुळे तीच पिशवी एका मुलासाठी भरपूर आणि त्याच्याच काकासाठी निरुपयोगी असते.

हिशेब करून बघू. गोठवतानाच्या आकड्यांवरून अनेक केंद्रं धरतात तो ढोबळ किमान डोस असा : दर किलोमागे अडीच कोटी टीएनसी आणि दीड लाख सीडी३४ पेशी. तुमच्या ६२ कोटींना अडीच कोटींनी भागलं की साधारण २५ किलो येतात, म्हणजे सात-आठ वर्षांचं मूल. आता १८ लाखांना दीड लाखाने भागा. येतात १२ किलो. दोन-अडीच वर्षांचं मूल.

एकाच पिशवीची ही दोन उत्तरं आहेत आणि रिपोर्टमध्ये पहिलंच ठळक अक्षरात छापलेलं असतं. का, ते सांगते. टीएनसी मोजायला सोपी. रक्त मोजणाऱ्या साध्या यंत्रात थेंबभर रक्त घातलं की मिनिटभरात आकडा. पण त्या आकड्यात ज्या पेशीला केंद्रक आहे ती प्रत्येक पेशी येते : संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, लिम्फोसाइट, आणि नवजात बाळाच्या रक्तात असतात त्या केंद्रक असलेल्या कच्च्या लाल पेशीसुद्धा. यांतल्या बहुतेकांचा नवीन रक्त तयार करण्याशी काही संबंध नाही. सीडी३४ ही पेशीच्या पृष्ठभागावरची खूण आहे. ती ज्यांच्यावर असते त्यांच्यात मूळपेशी आणि त्यांच्या लगतच्या पिढ्या असतात. तुमच्या पिशवीत त्यांचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आसपास आहे, जे अगदी नेहमीचं आहे. म्हणजे ६२ कोटींच्या गर्दीत कामाच्या पेशी १८ लाख. डोस ठरवताना मी नेहमी या दोनांतला लहान आकडा धरते, आणि आपल्या पिशवीचं मोल विचारणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगते.

यालाही पोटनियम आहेत. रक्ताच्या कर्करोगात आणि थॅलेसेमिया किंवा अप्लास्टिक ॲनिमियासारख्या कर्करोग नसलेल्या आजारांत अपेक्षित डोस एक नसतो. दुसऱ्या गटात शरीर नव्या पेशी नाकारण्याचा धोका जास्त, म्हणून तिथे दर किलोमागे साडेतीन कोटी किंवा त्याहून अधिक टीएनसी मागतात. त्या मापाने तुमची पिशवी १८ किलोच्या आत येते. दाता सख्खं भावंड आहे की परका, एचएलए (आपलं-परकं ओळखायच्या पेशींवरच्या खुणा) किती जुळतं, रुग्णाला आधी किती केमोथेरपी झाली, यावरही गणित हलतं. म्हणून कोणी फोनवर 'हो, पुरेल' असं ठाम सांगत असेल, तर तो माणूस गणित न करता बोलतोय.

तुलनेसाठी एक सरकारी मापदंड : अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, परक्या रुग्णासाठी द्यायच्या पिशवीला किमान ५० कोटी टीएनसी, साडेबारा लाख जिवंत सीडी३४ आणि ८५ टक्के व्हायेबिलिटी अशी अट घातली आहे. तुमची पिशवी यात बसते. पण अनेक सार्वजनिक बँका, जिथे दान केलेलं रक्त कोणाही गरजूला मिळतं, ९० कोटींच्या खालची पिशवी ठेवतच नाहीत. त्यांना अनुभवाने कळलंय की लहान पिशव्यांना मागणी येत नाही, नुसती टाकीतली जागा अडते. कौटुंबिक बँकेत अशी चाळणी सहसा नसते. तुम्ही पैसे देता, ते ठेवतात. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही, पण 'साठवली' म्हणजे 'वापरण्याजोगी' असा अर्थ काढू नका.

आता 'कोणाला' या शब्दाकडे परत. बाळाच्या स्वतःच्या उपयोगाची शक्यता फार कमी आहे. थॅलेसेमिया, सिकल सेल असे जन्मजात आजार असतील, तर तोच दोष नाळेच्या रक्तातल्या पेशींतही असतो. लहानपणीच्या ल्युकेमियातही अडचण आहे. अनेक मुलांत आजाराची पहिली जनुकीय गडबड जन्माआधीच झालेली असते, हे नवजात बाळांच्या टाचेतून घेतलेल्या सुक्या रक्ताच्या ठिपक्यांवरून वर्षांनी सिद्ध झालंय. तेच रक्त परत कोण चढवेल? अमेरिकेतल्या रक्त आणि मज्जा प्रत्यारोपण तज्ज्ञांच्या संस्थेने २००८ मध्ये हिशेब मांडला होता. पहिल्या वीस वर्षांत स्वतःचं नाळेचं रक्त स्वतःलाच लागण्याची शक्यता त्यांनी २,५०० मध्ये एक ते दोन लाखांत एक अशी धरली होती. एवढी मोठी फट बघूनच कळतं की हा अंदाज किती धूसर आहे. पण लहान टोकाला जा की मोठ्या, शक्यता कमीच आहे.

भावंडाची गोष्ट वेगळी. सख्ख्या भावंडांचं एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. घरात आधीच एखाद्या मुलाला असा आजार असेल ज्यावर प्रत्यारोपण हा उपाय आहे, तर पुढच्या बाळाचं नाळेचं रक्त साठवायलाच हवं. त्यात दुमत नाही. मुळात ही सगळी कथा तिथूनच सुरू झाली. पॅरिसमधल्या सेंट लुई रुग्णालयात ऑक्टोबर १९८८ मध्ये एलिआन ग्लुकमन यांनी फॅन्कोनी ॲनिमिया, म्हणजे मज्जा निकामी करणारा आनुवंशिक आजार, असलेल्या एका मुलाला त्याच्या नवजात बहिणीचं नाळेचं रक्त दिलं. जगातलं ते पहिलं असं प्रत्यारोपण आणि ते यशस्वी झालं. बहीण निरोगी आहे आणि तिचं एचएलए जुळतं, हे ती पोटात असतानाच तपासलं होतं. कोणाला हे आधीच ठरलेलं होतं, म्हणून किती हवं हेही ठरवता आलं.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी वगैरेंबद्दल जाहिरातीत जे लिहितात, त्यावर एवढंच की संशोधन चालू आहे. ऑटिझमवरच्या २०२० च्या मोठ्या चाचणीत नाळेचं रक्त दिलेल्या मुलांच्या सामाजिक वागण्यात, न दिलेल्यांच्या तुलनेत, अपेक्षित सुधारणा दिसली नाही.

आता ते ९८ टक्के. हा आकडा कधीचा आहे हे रिपोर्टवर बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. जवळजवळ नेहमी तो गोठवण्याआधीचा असतो. म्हणजे पिशवी लॅबमध्ये असताना त्यातल्या किती पेशी जिवंत होत्या, एवढंच तो सांगतो. गोठवून वितळवल्यावर किती राहतील, याबद्दल तो गप्प आहे. दुसरा प्रश्न, कोणत्या पेशींपैकी ९८ टक्के? ४१ तास जुन्या रक्तात सगळ्या पांढऱ्या पेशी मिळून ९८ टक्के जिवंत असतील, तर मी एकदा पुन्हा मोजून बघेन. ग्रॅन्युलोसाइट जातीच्या पेशी नाजूक, त्या आधी मरतात. सीडी३४ पेशी चिवट असतात. त्यांच्यापुरतं ९८ टक्के असेल तर सहज पटतं. वितळवल्यावर तर हा फरक आणखी ठळक होतो. ग्रॅन्युलोसाइट मोठ्या संख्येने फुटलेल्या असतात, एकूण व्हायेबिलिटीचा आकडा बघून नवीन माणूस घाबरतो, आणि त्याच नळीत सीडी३४ मात्र छान जिवंत दिसतात. मी नवीन असताना एकदा असा आकडा बघून धावत वरिष्ठांकडे गेले होते. त्यांनी न बघताच विचारलं, "सीडी३४ वेगळे मोजलेस का?" मोजले नव्हते.

मिनिटभर थांबून नाळ चिमटल्याबद्दल : डॉक्टरांनी योग्य तेच केलं. त्या मिनिटात वारेतलं बरंच रक्त बाळाच्या अंगात जातं, आणि त्यातलं लोह पुढचे कित्येक महिने त्याला पुरतं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला निदान ३० ते ६० सेकंद थांबा असा आहे, आणि रक्त साठवण्यासाठी हे थांबणं कमी करू नका, असंही त्यांनी स्पष्ट लिहिलंय. पिशवीत रक्त कमी येतं हे खरं. पण ज्या रक्ताचा उपयोग बाळाला नक्की आहे, ते बाळाकडे गेलं. मिस्टरांना हे जरूर सांगा.

यापुढचा भाग लांब आहे, पण माझ्या मते खरा मुद्दा त्यातच आहे. पिशवीचं भवितव्य पहिल्या दोन दिवसांत ठरतं. टाकी काही सुधारत नाही, जे आत जातं ते फक्त जपते.

रक्त आमच्याकडे येतं तेव्हा पिशवीत गोठणं थांबवणारं द्रावण आधीच असतं. साधारण २५ ते ३५ मिलिलिटर. म्हणून पहिला प्रश्न : तुमचे ६८ मिलिलिटर हे द्रावण धरून की वगळून? वगळून असेल तर बरं आहे. धरून असेल तर खरं रक्त निम्म्यावरच आलं. मग मी पिशवी हलक्या हाताने उलटसुलट करते आणि उजेडासमोर धरते. गुठळ्या दिसतात का ते बघायचं असतं. प्रसूतीच्या खोलीत सगळ्यांचं लक्ष आई आणि बाळाकडे असतं, असायलाच हवं, आणि पिशवी हलवायची राहून जाते. मग तळाशी काळपट गोळे तयार होतात. त्यात पेशी अडकतात, त्या कुठलंही यंत्र सोडवू शकत नाही. एकदा ११० मिलिलिटरची टपोरी पिशवी आली होती. सगळे खूश. गाळल्यावर पेशी मोजल्या तर ५० मिलिलिटरच्या पिशवीइतक्या.

मग लेबल. आईचं रक्त, पिशवी आणि कागद, तिन्हींवरचा क्रमांक जुळला पाहिजे. आईच्या रक्तावर एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस अशा तपासण्या होतात. क्रमांक जुळला नाही तर पिशवी कितीही चांगली असली तरी ती कोणाची हे सांगता येत नाही, आणि मग ती कोणाचीच नसते.

घड्याळ हा सगळ्यांत मोठा शत्रू. परक्यांसाठीच्या साठ्याला जन्मापासून ४८ तासांत गोठवणं सुरू झालं पाहिजे, आणि कुटुंबासाठीच्या साठ्याला ७२ तासांत, असं आंतरराष्ट्रीय मानकं सांगतात. तुमचे ४१ तास दोन्हींत बसतात. पण मर्यादेच्या आत असणं आणि चांगलं असणं यात अंतर आहे. मला विचाराल तर २४ तासांच्या आत आलेली पिशवी हाताळताना मन निर्धास्त असतं. ४१ म्हणजे चालेल. वाटेतल्या तापमानाची नोंद असेल तर ती मागा. खोक्यात तापमान टिपणारं छोटं यंत्र असतं. भर उन्हात गाडीत पडून राहिलेले २० तास हे थंड खोलीतल्या ४० तासांपेक्षा वाईट.

यानंतर लाल पेशी काढायच्या. इथे थोडा इतिहास सांगते, कारण तो मला फार आवडतो. पॅरिसच्या त्या पहिल्या मुलाचं रक्त अमेरिकेत इंडियानामध्ये हॅल ब्रॉक्समायर यांच्या प्रयोगशाळेत गोठवलं होतं. त्यांनी नाळेच्या रक्तातून लाल पेशी वेगळ्या करायचे अनेक मार्ग तपासले आणि प्रत्येकात मौल्यवान पेशी मोठ्या प्रमाणात हरवताना दिसल्या. म्हणून त्यांनी निर्णय घेतला की काहीच वेगळं करायचं नाही, रक्त आहे तसं गोठवायचं. एका मुलासाठी हे जमलं. हजारो पिशव्यांची बँक चालवायची तर नाही. न्यूयॉर्क ब्लड सेंटरमध्ये पाब्लो रुबिनस्टीन यांनी पहिली सार्वजनिक बँक उभी केली आणि त्यांच्या गटाने १९९५ मध्ये पेशी फारशा न गमावता पिशवी लहान करायची पद्धत छापली. स्टार्चचं एक द्रावण घातलं की लाल पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींना चिकटून लवकर खाली बसतात. वरचा पांढऱ्या पेशींचा भाग काढून घ्यायचा, पुन्हा फिरवायचा, जादा प्लाझ्मा काढून टाकायचा. शेवटी उरतात साधारण २० मिलिलिटर. आज हे काम बहुतेक ठिकाणी बंद यंत्र करतं, पण तत्त्व तेच.

एवढा खटाटोप नुसत्या जागेसाठी नाही. लाल पेशी गोठताना फुटतात आणि वितळवल्यावर त्यांचा मुक्त हिमोग्लोबिन रुग्णाच्या किडनीवर येतो. दुसरं कारण डीएमएसओ. हे रसायन पेशींना बर्फापासून वाचवतं, पण शरीरात गेल्यावर त्याचा त्रास होतो : मळमळ, रक्तदाब वरखाली. शेवटचं प्रमाण १० टक्के ठेवतात. २५ मिलिलिटरच्या पिशवीत म्हणजे अडीच मिलिलिटर, पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. हेच रक्त न आटवता दीडशे मिलिलिटरमध्ये गोठवलं असतं तर १५ मिलिलिटर लागलं असतं, साडेसोळा ग्रॅम. दिवसाला दर किलोमागे एक ग्रॅम ही नेहमी पाळली जाणारी वरची मर्यादा धरली, तर १२ किलोच्या मुलाला ते झेपलं नसतं. जाता जाता : डीएमएसओ मिळालेल्या रुग्णाच्या श्वासाला लसणासारखा वास येतो. वॉर्डातल्या नर्स दारातूनच ओळखतात.

डीएमएसओ घालायची पद्धत संयमाची परीक्षा बघते. पिशवी थंड ठेवून, हलवत राहून, पंपाने थेंब थेंब, दहा-पंधरा मिनिटं. भसकन ओतलं तर पेशींतून पाणी झपाट्याने बाहेर जातं आणि त्या मरतात. घातल्यावर मात्र रेंगाळायचं नाही, कारण गरम वातावरणात हेच रसायन पेशींना सोसत नाही. मग हवेचे बुडबुडे काढायचे, पिशवी सील करायची. तुमची पिशवी बहुधा दोन कप्प्यांची असेल, एक २० चा आणि एक ५ चा. पिशवीला जोडलेल्या नळीचेही छोटे सीलबंद तुकडे सोडतात. त्यांना आम्ही सेगमेंट म्हणतो. त्यांचं महत्त्व पुढे सांगते.

गोठवणं म्हणजे फ्रीजमध्ये ठेवणं नव्हे. यंत्र मिनिटाला साधारण एक अंशाने तापमान उतरवतं. फार वेगाने उतरवलं तर पेशीच्या आतच बर्फाचे खडे होतात आणि ते तिला आतून फाडतात. फार सावकाश उतरवलं तर बाहेरचं पाणी आधी गोठतं, उरलेल्या द्रवात क्षार घट्ट होत जातात आणि त्यात पेशी आक्रसून बसते. एक अंश ही या दोन मरणांमधली वाट आहे. गंमत अशी की पाणी गोठतं त्या क्षणी उष्णता बाहेर टाकतं. पडद्यावरची रेषा खाली खाली जात असते आणि अचानक वर उडी मारते. यंत्राने नेमक्या त्या वेळी जास्त थंडी सोडून ती उडी दाबायची असते. प्रत्येक पिशवीचा हा आलेख साठवलेला असतो. मी आजही आकड्यांआधी आलेख बघते.

तर इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर : किती पेशी आल्या हे प्रसूतीच्या खोलीत ठरलं, किती जिवंत आल्या हे घड्याळाने आणि वाटेतल्या तापमानाने, आणि किती टिकल्या हे लाल पेशी काढताना आणि त्या एका अंशाच्या वाटेवर.

आता वीस वर्षं. यावर मी तुम्हाला निश्चिंत करू शकते, एका अटीवर. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर उकळतो. त्या द्रवात किंवा त्याच्या वाफेत, उणे १५० च्या खाली, पेशीतली रासायनिक घडामोड जवळजवळ थांबलेली असते. ब्रॉक्समायर यांच्याच गटाने २३ वर्षांहून अधिक काळ गोठवलेल्या पिशव्यांतून कामाच्या मूळपेशी मिळाल्याचं २०११ मध्ये दाखवलं, आणि नंतर २७ वर्षांच्या पिशव्यांवरही तेच दिसलं. म्हणजे निव्वळ काळ जाण्याने बिघडत नाही.

बिघडतं ते मधल्या उबेने. शेजारची पिशवी काढायची म्हणून रॅक वर उचलला, शोधायला दोन मिनिटं गेली, तेवढ्यात वरच्या पिशव्या उणे १२० च्या वर आल्या, पुन्हा खाली गेल्या. असं एकदा झालं तर कळणारही नाही. पण वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा झालं तर पेशी खंगत जातात, आणि कागदावर त्याची कुठेच नोंद नसते. टाकीतली पातळी हा दुसरा मुद्दा. नायट्रोजन सतत उडत असतो, तो भरत राहावा लागतो, आणि मध्यरात्री अलार्म वाजला तर कोणीतरी खरोखर उठून यावं लागतं. पिशवीवर दुसरं आवरणही हवं. लंडनमध्ये एका टाकीत मज्जेची पिशवी गळली आणि त्याच द्रवातून हेपॅटायटिस बी दुसऱ्या रुग्णांपर्यंत पोहोचला, हे १९९५ मध्ये छापून आल्यावर सगळं क्षेत्र हादरलं होतं. दुहेरी आवरण आणि वाफेतली साठवण यांचा आग्रह त्यानंतर वाढला.

आवरणाचा फायदा मी स्वतः अनुभवलाय. एका पिशवीला ३७ अंशांच्या पाण्यात वितळवताना शिवणीपाशी केसाएवढी चीर गेली. ती निर्जंतुक बाहेरच्या पिशवीत होती म्हणून आतला थेंबन् थेंब तिथून गोळा करता आला. प्रत्यारोपणाच्या दिवशी रुग्णाची स्वतःची मज्जा केमोथेरपीने संपवलेली असते, तेव्हा 'दुसरी पिशवी आणा' असं म्हणता येत नाही. त्या दिवशी माझे हात थरथरले नाहीत, पण घरी गेल्यावर बराच वेळ थरथरत होते.

मोठ्या माणसांचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण लोक विचारतात. दोन परक्या पिशव्या एकत्र देतात. मुलांत मात्र २०१४ मध्ये छापलेल्या मोठ्या चाचणीत एक पुरेशी पिशवी आणि दोन पिशव्या यांत जगण्याच्या प्रमाणात फायदा दिसला नाही. लॅबमध्ये पेशी वाढवून देण्याची पद्धतही आली आहे. ओमिडुबिसेल या उत्पादनाला एफडीएने एप्रिल २०२३ मध्ये परवानगी दिली. दुसऱ्या बाजूने, अर्धं एचएलए जुळणाऱ्या आई-वडिलांच्या पेशी वापरणं आता इतकं सुधारलंय की अनेक केंद्रं नाळेच्या रक्ताकडे वळण्याआधी तिकडे बघतात. हे पैसे भरण्याआधी कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

तुमची पिशवी टाकीत आहेच. ती ठेवायची असेल तर बँकेला लेखी विचारा, तोंडी नको. सीडी३४ चा आकडा लाल पेशी काढण्याआधीचा की नंतरचा? आधीचा असेल तर आपलं १२ किलोचं गणितही खाली येईल. व्हायेबिलिटी कोणत्या पेशींची? सेगमेंट किती सोडलेत आणि पिशवी द्यायची वेळ आली तर त्यातल्या एकावर वितळवून सीडी३४, एचएलए आणि वसाहती तयार करण्याची चाचणी करता का? हा शेवटचा प्रश्न विचारला की बँकेचा स्वभाव कळतो. वसाहती तयार करण्याची चाचणी म्हणजे पेशी दोन आठवडे जेलीसारख्या माध्यमात वाढवून त्यांनी खरंच नव्या रक्तपेशींचे पुंजके तयार केले का ते बघणं. जिवंत असणं आणि काम करणं यांत फरक आहे, तो इथे दिसतो. या बँकेतून आजवर किती पिशव्या प्रत्यारोपणासाठी बाहेर गेल्या, हेही विचारा. साठवलेल्या किती, हा आकडा तुम्हाला न विचारता मिळेल.

आणि हे सगळं विचारण्याआधी एक काम. तुमच्या रिपोर्टवर 'कल्चर : निकाल बाकी' असं आहे. जिवाणू आणि बुरशीच्या या तपासणीला साधारण चौदा दिवस लागतात, आणि बाळ तीन आठवड्यांचं झालंय. म्हणजे निकाल आलेला असणार, तुमच्यापर्यंत पोहोचलेला नाही. प्रसूतीच्या वेळी त्वचेवरचे जिवाणू पिशवीत जाणं काही फार दुर्मीळ नाही. दूषित निघाली तर कोणता जिवाणू आणि कोणत्या प्रतिजैविकाला दबतो, हेही कागदावर हवं. उद्या सकाळी फोन करून तो एक कागद मागवून घ्या. तो इथे टाकलात तर पुढचं बघू.